बेताच्या पाटीवरचा खोटा विंचू

शिकवताना मला राग येत नाही. नागावात कुणालाही विचारा. आठ साते अठ्ठेचाळीस म्हणणाऱ्या पोरालाही मी गूळखोबरं देत देत छप्पन्नापर्यंत आणलं आहे. पण त्या शनिवारी माझं डोकं तापल्या तव्यासारखं झालं, आणि कारण काय, तर तिळाएवढा एक प्राणी!

सकाळी माझ्या जुन्या शब्दकोशात खोटा विंचू सापडला. प्राप्ती आणि नेत्रा, माझ्या नाती, भिंग घेऊन धावल्या.

"आजोबा, याची नांगी कुठाय?"

"नांगी नाहीच, म्हणून तर खोटा. पुढे दोन चिमटे, आठ पाय, चपटं अंग. पुस्तकातल्या बारीक किडी खातो. घाबरला की उलटा पळतो. लांब जायचं असलं की माशीच्या पायाला लटकतो."

"बिनतिकीट?" नेत्राने विचारलं.

एवढासा जीव दोघींना एकदम दिसेना. म्हणून अंगणातल्या पाटीवर मी खडूने त्याचं हातभर चित्र काढलं. चिमटे तर झकास जमले. पाटी आमच्या सुनेची, पूनमची. ती पाहुण्यांसाठी दोन खोल्या आणि खानावळ चालवते. वरचं 'आजचा बेत' मी पुसलं नाही. खाली जागा होती ना!

दुपारी पुण्याची सहा माणसं उतरली. पावसाळ्यापासून रिकाम्या खोल्यांना पहिलं गिऱ्हाईक. त्यांतले हर्षदराव पाटीसमोर थबकले.

"काका, ही चिंबोरी वेगळीच दिसतेय."

"चिंबोरी नव्हे, खेकड्याच्या जातीतला नव्हेच हा. हे आमच्या पुस्तकांच्या कपाटात मिळतात."

"घरचेच? मग सहा ताटं लावा."

माझ्या कपाळाची शीर उठली. "आधी पाय मोजा!"

त्यांनी बोट ठेवून मोजले. "आठ. आणि दोन डेंगे. चिंबोरीच की."

हिशेब बरोबर होता, म्हणून मी जास्तच भडकलो. "अहो, चिंबोरी तिरकी चालते. हा उलटा पळतो!"

"ताटात कुठे पळणार?" मग तेही चिडले. "पाटीवर दाखवायचं आणि द्यायचं नाही? चला रे, शेजारी जाऊ."

पिशव्या गाडीकडे निघाल्या. पूनम पळी घेऊनच धावत आली. "नाना, पाया पडते, ओरडू नका. पाहुणं चाललं."

"ओरडत नाही, शिकवतोय!" मी ओरडलो. शब्दकोश आणला, हर्षदरावांच्या हातात भिंग कोंबलं. "बघा. हा तो."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. चेहरा निवळला. मला वाटलं, उजेड पडला.

"एवढाच होय? म्हणजे जवळ्यासारखा. कांद्यावर परतून देता का?"

मी तोंड उघडलं, पण पूनम पुढे झाली. "देते की. बसा तुम्ही. नाना, तुम्ही वाढायला या."

तिने डब्यातला सुका जवळा, ती इवलीशी कोळंबी, कढईत ओतला. सगळ्यांनी मागून मागून खाल्ला आणि मुक्काम एक दिवस वाढवला. मी दातओठ खात वाढत होतो.

"काका," हर्षदराव बोटं चाटत म्हणाले, "कपाटात शिल्लक आहेत ना अजून?"

पूनमने दारातून डोळे वटारले.

"भरपूर," मी म्हणालो. "घ्या."