दुरुस्ती क्लबची अकरा पानं

एका रविवारी एकच मिक्सर दोनदा दुरुस्त झाला, तिथं माशी शिंकली. वायरमननं तो उत्तम जुळवून ठेवला आणि हात धुवायला गेला. तेवढ्यात घड्याळजीनं ‘बघू तरी काय झालं होतं’ म्हणून तो पुन्हा उघडला. परत जुळवल्यावर मिक्सर उलटा फिरायला लागला. (उलटा मिक्सरही कधीतरी कामाला येईल, असं घड्याळजीचं अजून मत आहे.)

हेडक्लार्कनी जागच्या जागी ठरवलं, आता प्रत्येकाची जबाबदारी लेखी!

हेडक्लार्क म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. पण हे त्यांना सांगणार कोण? वाचनालयामागच्या हॉलमध्ये दर रविवारी हा दुरुस्ती क्लब भरायचा. लोक बिघडलेल्या वस्तू आणायचे, ही मंडळी त्या फुकट दुरुस्त करायची, आणि हेडक्लार्क मधोमध उभे राहून ‘हं, चालू द्या’ म्हणायचे. आठवडाभर बसून त्यांनी अकरा पानं लिहून काढली. प्रत्येक माणसाला दोन रकाने: ‘काय करायचं’ आणि ‘काय करायचं नाही’. दुसरा रकाना लिहिताना त्यांना जो आनंद झाला, तसा नोकरीत बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता. शिंप्यानं फक्त कापड बघायचं, विजेला हात लावायचा नाही, फर्निचर हलवायचं नाही. वायरमननं फक्त वीज. नोंदणीच्या टेबलावर गणिताच्या बाई. आणि ज्याचं नाव पानांत नाही त्यानं मध्ये लुडबुड करायची नाही, हे पान चारवर, खाली रेघ मारून.

बायकोनं अकराही पानं शांतपणे वाचली.

“यात मी कुठंय?”

“तू? तुझं काय लिहायचं? तू आहेसच की.”

“बरं,” ती म्हणाली.

आता चौतीस वर्षं संसार केलेल्या माणसाला ‘बरं’ या शब्दाचा अर्थ कळायला नको? पण हेडक्लार्क पानांना टाचण्या मारण्यात गुंग होते.

रविवारी सकाळी बायको पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसली, ती उठेचना.

“अगं, चल ना! उशीर होतोय.”

“मी कुठल्या रकान्यात नाही. उगीच लुडबुड नको. पान चार.”

हेडक्लार्क तणतणत एकटेच निघाले. हॉलला कुलूप. वॉचमननं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. “किल्ली मी काकूंना देतो. तुम्ही कोण?” अर्धा तास हुज्जत घातल्यावर दार उघडलं, तर आत खुर्च्या भिंतीला रचून ठेवलेल्या. इतके दिवस खुर्च्या आपोआप मांडलेल्या असायच्या, अशी हेडक्लार्कची समजूत होती.

“अहो, खुर्च्या घ्या की जरा!”

“फर्निचर हलवायचं नाही,” शिंपी खेदानं म्हणाला. “तुम्हीच लिहिलंय साहेब.”

इतक्यात म्हातारे पोस्टमनकाका आले. काखेत टॉवेलात गुंडाळलेला टेबललॅम्प, त्याला कापडाची टोपी.

“कापड की वीज?” बाईंनी विचारलं.

“दिवा आहे.”

“ते दिसतंय हो. पण दिव्याला रकाना नाही.”

वायरमन म्हणाला, टोपी काढल्याशिवाय वायर दिसणार नाही, आणि कापड माझ्याकडे नाही. शिंपी म्हणाला, वायर काढल्याशिवाय मी टोपीला हात लावणार नाही. घड्याळजीला फार इच्छा होती, पण त्याच्या ‘काय करायचं नाही’च्या रकान्यात जागाच उरली नव्हती. पोस्टमनकाका बिचारे दिवा छातीशी धरून उभे. त्यांना ‘बसा’ असंही कुणी म्हणेना, कारण खुर्ची नव्हती.

शेवटी हेडक्लार्कनीच दिवा हिसकावून प्लगला लावला. दिवा झक्क लागला.

“काका, हा तर चालू आहे!”

“बंद आहे असं मी कधी म्हटलं?”

“मग आणलात कशाला?”

काकांनी हॉलभर नजर फिरवली. “त्या किल्लीवाल्या बाई नाहीत का आज? त्या बसतात माझ्यापाशी घटकाभर. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून हा आणतो. नाहीत ना? असू दे.” त्यांनी दिवा पुन्हा टॉवेलात गुंडाळला. “पुढच्या वेळेपासून नाही त्रास देत.”

बाईंनी वहीची मागची पानं चाळली आणि हळूच म्हणाल्या, “साहेब, हा दिवा चौदाव्यांदा आलाय.”

 हेडक्लार्कनी स्वतः एक खुर्ची ओढली, काकांना बसवलं, “दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं थांबा, तुम्हाला माझी शपथ आहे,” म्हणाले आणि घराकडे धावत सुटले. या वयात धावणं म्हणजे काय, ते गुडघ्यांना विचारा.

“चल,” ते दारातूनच धापा टाकत म्हणाले.

“कुठल्या पानावर?”

हेडक्लार्कनी कागद ओढला. ‘किल्ली’ लिहिलं. ‘खुर्च्या’ लिहिलं. तिथं घोडं अडलं.

“पोस्टमनकाकांशी तू काय बोलतेस?”

“मी कुठं बोलते? तेच सांगतात. बायको कशी गेली ते सांगतात. कधी कधी ती असतानाचं सांगतात. मी ऐकते.”

“आणि मागच्या वेळी ऐकलेलंच असलं तर?”

“तरी ऐकते.”

हेडक्लार्कनी पेन खाली ठेवलं. “हे मला लिहिता नाही येत गं. अकरा पानं खरडली आणि त्यात तूच नाहीस. चुकलं माझं.” त्यांचे डोळे भरून आले होते. (धावल्यामुळे, असं ते नंतर म्हणाले.)

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. पाणी दिलं. “हळू प्या,” म्हणाली आणि पायांत चपला सरकवल्या.

ती हॉलमध्ये शिरली तशी काकांची कळी खुलली. शिंप्यानं न विचारता खुर्च्या मांडल्या, वायरमननं त्या पुसल्या. पान चार काय म्हणतं, हे कुणी बघितलं नाही. तासभर काका बोलले, ती ऐकत होती. हेडक्लार्क मधोमध उभे राहून ‘हं, चालू द्या’ म्हणत होते.

“यांचं काम काय असतं इथं?” काकांनी विचारलं.

बाईंनी अकरा पानं पुढून मागून तपासली. हेडक्लार्कचं नाव कुठंच नव्हतं.

“यांचं ना?” बायको हसली. “रिटायर झाल्यावर घरातल्या डब्यांना नंबर घालत बसायचे हो. करमत नव्हतं, पण सांगायचे नाहीत. म्हणून मीच हा क्लब काढायला लावला. दर रविवारी घेऊन येते.”

 बाईंनी पेन उघडलं.

“काकू, मग यांना स्वयंसेवकांत धरू, की दुरुस्तीला आलेल्यांत?”

“दुरुस्तीला आलेल्यांत,” ती म्हणाली. “आणि पुढं लिहा, घाई नाही.”