थोरल्या झांबरचा नियम

कुडपणला आमचा शेजारी भागोजी रोज दिवेलागणीला वाडीतल्या बंद घरांपुढे उभा राहतो आणि कुलपांना विचारतो, "जेवलास काय रे?" घरवाली माणसं मुंबईला. येतात ती शिमग्याला नायतर गणपतीला. कुलूप काय सांगणार? भागोजी जरा थांबतो, मान हलवतो, पुढच्या दाराला जातो.

हे त्याला थोरल्या झांबरने शिकवलं. झांबर इथला नाय. वर कुठे दोन सूर्यांचा मुलूख हाय म्हणे, तिथला तो मोठा ज्ञानी. तिथल्या माणसांना हात तीन. दोन कामाला, तिसरा कपाळाला लावून विचार करायला. झांबर बोलायला लागला की सगळा मुलूख नांगर सोडून ऐकतो. भागोजी जांभळीवरून पडला, तेव्हापासून त्यालाही ऐकू येतं.

मी दुसरी शिकलेला माणूस, असल्या गोष्टी मानत नाय. पण आमच्या बांधाच्या भांडणात झांबरने निकाल माझ्या बाजूने दिला आणि भागोजीने मुकाट बांध मागे घेतला. तेव्हा झांबर अगदीच अडाणी नसावा.

माझ्या दाराला का विचारत नायस, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणे नियम हाय, उघड्या दाराला विचारायचं नाय, आत चूल असते. बायको गेल्यापासून माझी चूल पेटली तर पेटली. ते मी कुणाला सांगत बसत नाय.

यंदा शिमगा झाल्यावर भागोजीचा मुलगा त्याला डोंबिवलीला न्यायला जीप घेऊनच आला. "काका, तुम्ही समजवा बाबांना," म्हणाला.

मी म्हटलं, "खुशाल ने. माझं कुणावाचून अडत नाय."

भागोजीने ते ऐकलं. गाठोडं जीपमध्ये चढलं होतं. झांबरला विचारतो म्हणाला आणि तिसरा हात नसल्यामुळे उजवाच कपाळाला लावून पडवीत बसला. मग उठला आणि गाठोडं उतरवलं. मुलाने कारण विचारलं, तर नियम बदललाय, एवढंच. मुलगा चिडला, शेवटी पाया पडून एकटाच पोलादपूरच्या रस्त्याला लागला.

दिवेलागणीला भागोजीने सगळी कुलपं विचारून घेतली. मग माझ्या दारात आला. हातात झाकलेलं ताट.

"जेवलास काय रे, सख्या?"

"जेवलो."

तो जरा थांबला, मान हलवली.

"कुलूप बरं," म्हणाला. "खोटं तरी बोलत नाय."

आणि आत येऊन बसला. नाचणीची भाकरी होती, दोघांपुरती. कालवणात मीठ कमी होतं. झांबरचा मान राखायचा म्हणून मी जेवलो.