पडद्यावरची पऱ्हाटी

राळेगाव तालुक्यातल्या तुळसाबाईंच्या घरच्या टीव्हीत लाल रंग दिसत नसे, ही बाब घरच्यांनी तक्रार म्हणून कधीच मांडली नव्हती. आतली चित्रनळी जुनी झाली होती; लाल तेवढा विझला होता. मालिकेतल्या नवऱ्या हिरव्या शालूत बोहल्यावर चढत, पुढाऱ्यांचे चेहरे कैरीसारखे दिसत. "हिरवं शुभ असते," तुळसाबाई म्हणत.

शेतात नेमकं उलटं झालं होतं. कपाशीवर, म्हणजे तिकडच्या बोलीत पऱ्हाटीवर, लाल्या पडला होता. पानं लाल होऊन गळत होती, बोंडं मिटल्या मुठीसारखी वाळत होती. पीक गेलं असं पाहणीत ठरलं, तरच गावाला मदत मिळणार होती. आणि पाहणीचे साहेब नवं परिपत्रक घेऊन आले होते. त्यानुसार डोळ्यांनी केलेली पाहणी यापुढे ग्राह्य नव्हती. डोळे ज्याचे त्याचे वेगळे असतात. पाहणी पडद्यावरच करायची होती.

शेताच्या वाटेवर चिखल होता, आणि बुटांविषयी परिपत्रक मौन होतं. म्हणून साहेबांनी कॅमेरा तुळसाबाईंच्या मुलाच्या, प्रफुल्लच्या हाती दिला. तो फोटो काढून आला. यवतमाळहून आणलेला जुना कॉम्प्युटर घरात होता, पण मॉनिटर फुटका. मग त्यानं वायरचं एक टोक कॉम्प्युटरमागे खोचलं, दुसरं टीव्हीमागे. पडदा खरखरला आणि उजळला.

तुळसाबाईंची कपाशी हिरवीगार होती.

"वा! पीक जोमदार," साहेब म्हणाले.

"साहेब, या टीव्हीत लाल दिसतच नाही," प्रफुल्ल म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. लाल दिसत नाही, म्हणजे लाल्या नाही."

तुळसाबाई शेतात गेल्या. एक झाड उपटून आणलं, साहेबांच्या चहाच्या बशीशेजारी ठेवलं आणि जात्यावर बसल्यासारख्या हळूच म्हणाल्या,

"पऱ्हाटी माही लाल, जशी शालूतली लेक,
मांडवाच्या दारी बाई, सुकत गेली एकेक."

साहेब क्षणभर गहिवरले. गहिवर आवरून त्यांनी झाडाचा फोटो काढला आणि पडद्यावर लावला. "बघा बाई, हेही बरं झालं!"

"मंग हे बशीजवळ हाय, ते काय हाय?"

"ते नोंदीत नाही."

प्रफुल्ल धावत जाऊन टीव्ही दुरुस्त करणाऱ्या शब्बीरभाईंना घेऊन आला. त्यांनी टीव्हीच्या पाठीला पेचकस लावला, तोच साहेबांनी हात धरला. "खबरदार! हा आता सरकारी पुरावा आहे. फेरफार चालणार नाही."

"फेरफार कायचा, साहेब? मी तं फकत लाल वापस आणून राह्यलो."

"लाल आणणं हाच फेरफार."

टीव्हीला लाखेचं सील लागलं. साहेबांच्या मते त्या घरातला तो एकमेव अधिकृत लाल रंग होता.

इतकी समाधानकारक पाहणी जिल्ह्यात कुठेच झाली नव्हती. मग आर्णीचे फोटो आले, पाठोपाठ उमरखेडचे. तुळसाबाईंच्या दारात जीपा उभ्या राहू लागल्या. वायर खोचली की एकेक तालुका हिरवा होई. मदतीचा प्रश्नच उरला नाही.

"आमचं वावर पडद्यावर कधी लाल होईन, साहेब?" तुळसाबाईंनी एकदा विचारलं.

"होऊ नये म्हणूनच तर एवढी यंत्रणा राबतेय, बाई. चहा होतोय ना?"

चहा होत होता. वाळलेल्या पऱ्हाट्या मोडून त्यांनी चुलीत घातल्या होत्या. जाळ चांगला लागला होता, लालभडक.

हिरव्या जिल्ह्याची बातमी शहरातही गेली. तुमचा टीव्ही तर नवा आहे, लाल त्यात स्वच्छ दिसतो. त्या बातमीच्या कडेला तुळसाबाईंचं वावरही क्षणभर दिसलं होतं, अगदी खऱ्या रंगात. रिमोट तेव्हा तुमच्याच हातात होता, आणि पुढचं चॅनेल लागलं.