अंगठा लागेना

नानासाहेब साळवे जिवंत आहेत, हे यंत्राला काही केल्या पटत नव्हतं. औरंगपुऱ्यातल्या एका सुविधा केंद्रात हयातीच्या दाखल्यासाठी ते उजवा अंगठा काचेवर दाबून बसले होते आणि पुन्हा पुन्हा लाल दिवा लागत होता.

"काका, बोट पुसा आन् परत ठेवा," केंद्र चालवणारी निशा म्हणाली.

"पुसून काय होणार? चक्र आहे ते. तुमचं यंत्रच नीट बघत नसेल."

या विषयात नानासाहेबांना कुणी शिकवायची सोय नव्हती. पोलीस खात्याच्या अंगुलिमुद्रा विभागात त्यांनी अख्खी नोकरी भिंगाखाली लोकांचे ठसे बघण्यात घालवली होती. रेषा ज्या बाजूनं आल्या त्याच बाजूला वळून गेल्या की शंख, गोल फिरल्या की चक्र, नुसत्या उंचावून पलीकडे उतरल्या की कमान. "ठसा मरेपर्यंत बदलत नाही," असं ते कोर्टात सांगायचे, तेव्हा न्यायाधीशही मान डोलवायचे.

आता त्यांनी खिशातलं भिंग काढून स्वतःचा अंगठा पाहिला. चक्र नव्हतं. शंखही नव्हता. वयानं आणि इतकी वर्षं हाताळलेल्या रसायनांनी मिळून सगळं गुळगुळीत करून टाकलं होतं. बाकीची बोटं लावून झाली. मोतीबिंदू काढलेले डोळेही यंत्रानं नाकारले.

"मरेपर्यंत बदलत नाही, असं शास्त्र आहे," ते पुटपुटले.

"मग काका, बदललाय म्हंजे..." निशानं वाक्य अर्ध्यातच सोडलं. "तुमाला ओळखणारं कुनी आना. घरातलं नको. त्यांनी लिहून दिलं की बघते मी."

नानासाहेबांनी जुन्या सहकाऱ्यांना फोन लावले. एकाचा नंबर अस्तित्वात नव्हता. दुसऱ्याच्या मुलानं उचलला आणि "पप्पा दिवाळीतच गेले," असं सांगितलं. नानासाहेब बाकावर बसून राहिले.

तेवढ्यात रांगेतल्या एका म्हाताऱ्याचा अंगठा यंत्रानं पहिल्याच फटक्यात घेतला. नानासाहेबांना ते लागलं. म्हातारा जाता जाता त्यांच्यापाशी थांबला.

"साळवे सायेब ना? मी कडुबा. गुलमंडीच्या कापडदुकानातली चोरी. कपाटावर माझाच अंगठा हाय म्हनून तुमी कोर्टात सांगितलं, आन् मी आत गेलो."

नानासाहेबांनी भिंग घाईनं खिशात टाकलं. निशाला मात्र हायसं वाटलं. "बाबा, हेच का नानासाहेब साळवे?"

"थांब पोरी, नीट बघू दे. चुकीची ओळख पटवली तर मानसाचं लई नुकसान होतं."

कडुबानं त्यांना समोरून पाहिलं, मग दोन्ही बाजूंनी. नानासाहेब आरोपीसारखे ताठ बसले होते.

"व्हय, हेच हायत," कडुबा अखेर म्हणाला. "जिवंत बी हायत."

"मग इथं अंगठा उठवा," निशानं शाईचा पॅड पुढं सरकवला.

"सही करतो. तुरुंगात शिकलो लिव्हायला. अंगठ्यावर आपला भरवसा नाय."

सावकाश सही करून त्यानं पेन परत दिलं. "सायेब, त्या दुकानात मी नव्हतो," तो शांतपणे म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

घरी आल्यावर बायकोनं, आवडाबाईंनी विचारलं, "झालं का काम?"

"झालं. जिवंत आहे म्हणतात."

"कोन म्हनतं?"

नानासाहेबांनी हात धुतले. कपाटावरचा तो ठसा शंख होता की चक्र, हे आठवत ते जेवणाच्या ताटासमोर बसून राहिले. आणि त्यांना आठवेना.