देवरे अण्णांचे विलायतेतले खासदार

नाशिकचे खासदार कोण, असं विचारलं की देवरे अण्णा डोकं खाजवायचे. पण इंग्लंडातल्या एका आडबाजूच्या गावचा खासदार काल पार्लमेंटात काय बोलला, ते विचारा! चहा गार होईस्तोवर सांगत बसायचे.

दोन हजार चारच्या सुमारास इंदिरानगरला माझा सायबर कॅफे होता. अण्णा मूळचे सटाण्याचे, एसटीतून रिटायर झालेले. मी शटर वर करतोय तोवर हे दारात हजर. "लाव बरं आमचे खासदार!" मग त्या साहेबाचे सगळे प्रश्न, सगळी भाषणं मी वाचून मराठीत सांगायची.

"गटारांवर बोलला? शाब्बास! आपला मानूस शे!" खुशीत आले की अण्णा अहिराणीवर यायचे.

साहेब आठवडाभर गप्प राहिला की यांचा जीव खालीवर. "घसा बसला आसंल त्याचा. हळदीचं दूध प्यायला लिही." आणि मी गाढव, लिहिलंही!

हे खूळ लेकीपायी. सुनीता त्या गावच्या हॉस्पिटलात नर्स. एकदा फोनवर बोलून गेली, की बसस्टॉपपासून घरापर्यंतचे दिवे बंदच असतात, ड्युटीवरून अंधारात एकटीच येते. झालं! अण्णांनी थेट खासदारालाच धरलं. मजकूर त्यांचा, इंग्रजी माझं. उत्तर आलं: दिवे नगरपालिकेचं काम, शिवाय आपण आमच्या मतदारसंघात राहत नाही.

अण्णा भडकले. "लिही! माझी पोर तुमच्या मतदारसंघात, माझा जीव पोरीत. मग मी राहतो कुठं?" खाली ताजा कलम: कधी सटाण्याला आलात तर आमच्या मेव्हण्याकडं उतरा, गच्चीवर झोपायची सोय आहे.

अशी सतरा पत्रं गेली. मी वैतागून म्हटलं, "अण्णा, दिवे लागले का ते सुनीतालाच विचारा की!"

"ती म्हणती, मजेत आहे. मजेतली माणसं एवढ्या घाईनं फोन ठेवत नाहीत रे."

आणि एका सकाळी वाचता वाचता मी ओरडलोच. साहेबाने भर सभागृहात त्या रस्त्याच्या दिव्यांचा विषय काढला होता! एका मुलीच्या बापाची सतरा पत्रं आली म्हणाला, हळदीच्या दुधासकट. पुढे हशा पिकल्याची नोंद होती.

अण्णांनी त्याची प्रिंट काढून घेतली आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर डकवली, नेमकी पाण्याच्या वेळापत्रकावर. दोन दिवस कुणालाच पाणी कधी येणार ते कळेना. रिक्षावाल्यांना सांगून झालं, भाजीवालीला तर दोनदा.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी असताना सुनीताचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता. "अण्णा, आमच्या रस्त्यावर दिवे लागले! इथल्या खासदारानं प्रश्न विचारला म्हणे."

"आसं? वा वा. चांगला दिसतो माणूस," अण्णा म्हणाले. "मला काय ठाऊक, बाई." आणि फोन ठेवला.

मी उडालोच. "अख्ख्या इंदिरानगरला सांगितलंत, अन् तिलाच नाही?"

अण्णांचे डोळे भरून आले होते. "तिला कळलं असतं ना रे, बाप इकडं रोज किती घाबरतो ते. मग आत्ता जे थोडंफार सांगती, तेही सांगायची बंद झाली असती."