उतरवलेले अठ्ठावीस किलो आणि परत आलेले चार

आयुष्यात मी एकच पराक्रम केला आहे, तेवढा सांगू द्या. दीड वर्षात मी अठ्ठावीस किलो वजन उतरवलं! उपाशी राहिलो नाही, कसल्या पावडरी घेतल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं बेतानं जेवलो, रोज चाललो आणि आठवड्याला पाव-अर्धा किलो असा गोगलगाईच्या चालीनं एकशे आठवरून ऐंशीवर आलो.

"आता सहा महिने इथेच टिकायचं," बाई म्हणाल्या, "मग गुडघ्याचं ऑपरेशन."

आणि ऑपरेशननंतर वाचनालयाचा तिसरा मजला! सगळी जुनी पुस्तकं तिथे आहेत, लिफ्ट नाही, आणि सहा वर्षांत मला तो जिना चढता आलेला नाही. टिकायचं म्हणजे काय, आहे तिथेच राहायचं. त्यात माझा हात कोण धरणार?

चार महिने काटा हलला नाही. पाचव्या महिन्यात ब्याऐंशी!

मला आधी स्वतःचाच संशय आला. तो मला नेहमीच येतो. मग काट्याचा आला. काटा कोपऱ्यातून उचलून दारात ठेवला, दारातून गॅलरीत. शेवटी तो काखोटीला मारून वाण्याकडे गेलो. वाण्यानं त्यावर दहा किलोचं पोतं ठेवलं आणि म्हणाला, "काका, काटा चोख आहे. जड तुम्हीच झालाय!"

सहाव्या महिन्यात चौऱ्याऐंशी! डॉक्टरीणबाईंकडे जायला चार दिवस उरलेले, आणि मी रडकुंडीला आलेला.

"अगं, मी झोपेत उठून खात तर नसेन?" मी बायकोला विचारलं.

"झोपेत? तुम्ही जागेपणी उठत नाही, झोपेत कुठले उठताय!"

तरी खात्री करून घ्यावी म्हणून झोपायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात मी टाल्कम पावडर पसरली. पाऊल उमटलं तर चोर मीच! सकाळी पाहतो तर पावलं उमटलेली. पण एकही माझं नाही! तीन वेगवेगळ्या मापांची, आणि माझ्या पावलाशेजारी तिन्ही बाहुल्यांची वाटावीत अशी. नीट पाहायला वाकलो, पाय सटकला आणि पोतं टाकावं तसा बदकन खाली बसलो.

"अहो!" बायको धावत आली.

"बाबा, चक्कर आली का?" पाठोपाठ सूनबाई.

"अशक्तपणा! दुसरं काय?" आमच्याकडेच राहणारी माझी थोरली बहीण ओरडली. "तरी मी रोज तुझ्या ओट्समध्ये मूठभर बदामाची पूड घालतेय रे!"

"बदाम? ताई, मी सूपमध्ये चमचाभर लोणी घालतेय!" बायको म्हणाली.

सूनबाई हळूच म्हणाली, "आणि मी दुधात साय."

तिघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मी पावडरीत बसून तिघींकडे.

"पण का?" मी किंचाळलो.

"का म्हणजे? तुमची विजार तिसऱ्यांदा आत घेताना शिंप्यानं मला विचारलं, 'वहिनी, साहेब फार खंगलेत. रिपोर्ट काय आला?' मी विजार तिथेच टाकून घरी आले! या दोघींपाशी बोलले, आणि तुमच्यापाशी बोलायची तिघींनाही भीती वाटली."

"मग मला कोणी विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर घालू दिलं असतंत?"

मी अंगावरची पावडर झटकत उठलो. पण खरं सांगतो, मनातून मी हरखलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा चूक माझी नव्हती! ठरल्या दिवशी तिघींना पुढे घालून मी दवाखान्यात शिरलो तो एखाद्या फौजदारासारखा.

डॉक्टरीणबाईंनी तिघींचे जबाब ऐकले, कागदावर आकडे मांडले आणि पेन थांबवलं.

"लोणी, साय, बदाम मिळून दोन महिन्यांत अडीच किलो. पण तुमचे वाढलेत चार. उरलेला दीड किलो कुठला?"

आता तिघी माझ्याकडे पाहायला लागल्या. कधी नव्हे ते तिघींचं एकमत!

"आठवा. मधेअधे काही खाता?"

"छे! जेवणापलीकडे कणसुद्धा नाही." मग मला जरा शंका आली. "म्हणजे... वाचताना एखादं बिस्किट तोंडात टाकतो. पण ते कुठे लक्षात राहतं? वाचताना खाल्लेलं मी धरत नाही."

बाईंनी चष्मा काढला. "दिवसातून किती वेळ वाचता?"

मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे अतिशय लक्षपूर्वक पाहू लागलो.

"उठल्यापासून झोपेपर्यंत!" बायको म्हणाली.

ऑपरेशन तीन महिने पुढे गेलं.