झुंबरआत्याचा काळापांढरा फोटो

भूपेंद्रने कॅमेरा घेतला तेव्हा त्याला वाटलं होतं, अवघड भाग संपला. खरं तर तो तिथून सुरू झाला. धरणगावच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून तो नोकरीला होता आणि कॅमेरा त्याने जळगावच्या एका स्टुडिओवाल्याकडून जुना घेतला होता. लेन्स एकच, आणि तिला झूम नाही. जवळून फोटो हवा तर भूपेंद्रने पुढे जायचं, लांबून हवा तर मागे सरकायचं. मागे सरकता सरकता तो दोनदा गटारीत गेला होता. तिवई नव्हती म्हणून गव्हाच्या कोठीवर कॅमेरा ठेवायचा, आणि कोठी घराबाहेर नेता येत नसल्यामुळे विषय घरातच शोधावे लागत.

पहिल्या पंधरा दिवसांत घरातले विषय संपले. चहाचा कप, कुलूप, मिरच्या, बायको. बायकोने, म्हणजे सुलक्षणाने, तीन दिवस कळ काढली.

"पोळी फुगलेली असताना टिपायचीय. हात जरा बाजूला घे," भूपेंद्र म्हणाला.

"हात बाजूला घेतला तर पोळी फुगेल कशी? आणि फुगली तरी जेवायच्या वेळेपर्यंत ती फोटोतच राहील," ती म्हणाली, आणि शनिवारी दोन दिवसांसाठी फैजपूरला माहेरी निघून गेली.

मोबाइलवर फोटोग्राफी शिकवणारे एक सर म्हणत, विषय शोधायला लांब जाऊ नका, उजेड शोधा. रविवारी सकाळी भूपेंद्र उजेड शोधत निघाला आणि तो त्याला मागच्या गल्लीत, आत्याच्या ओट्यावर सापडला. त्याची आत्या झुंबरबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी राहणारी आणि ठणठणीत. ती तूर निवडत बसली होती. समोरच्या घरांच्या फटीतून तिच्या तोंडावर कोवळं ऊन आलं होतं.

"काय करी राहयना रे, भाऊ?" तिने विचारलं.

"फोटो काढतोय. तू माझ्याकडे बघू नकोस."

तेवढ्यात पत्र्यावर वाळत घातलेल्या पापडांवर माकड उतरलं. आत्याने मान वर केली, डोळे बारीक केले, आणि भूपेंद्रने बटण दाबलं. घरी येऊन पाहिलं तर फोटो असा, की त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. सुरकुत्यांमधून उजेड झिरपतोय, नजर दूर कुठेतरी वर लागलेली. माकड चौकटीत नव्हतंच. फक्त मागे एक हिरवीगार प्लास्टिकची बादली आली होती, आणि ती काही केल्या जाईना. शेवटी त्याने फोटो काळापांढरा केला आणि बादली अंधारात विरून गेली.

त्याने तो स्टेटसला लावला. खाली काय लिहावं ते सुचेना, म्हणून लिहिलं, "शब्द नाहीत." आणि शेजारी जोडलेले दोन हात टाकले. हात त्या शिकवणाऱ्या सरांसाठी होते. मग मोबाइल चार्जिंगला लावून, ऊन चढायच्या आत आणखी काही मिळतं का ते पाहायला तो कपाशीच्या शेतांकडे गेला.

नऊ वाजता जळगावच्या भूषणने, म्हणजे त्याच्या चुलतभावाने, तो फोटो पाहिला. म्हातारं माणूस, काळापांढरा फोटो, जोडलेले हात. भूषणने भूपेंद्रला दोन फोन केले. उचलले गेले नाहीत, तेव्हा तो समजला की घरात रडारड चालू असणार. त्याने फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. दहापर्यंत सत्तावीस जणांनी श्रद्धांजली वाहिली. साडेदहाला कुणीतरी विचारलं, किती वाजता नेणार? कुणीतरी उत्तर दिलं, दुपारी तीन. तीन कुणी ठरवले ते आजतागायत कळलेलं नाही. आत्याकडे बटणांचा फोन होता, पण गेलेल्या माणसालाच फोन लावून खात्री करून घ्यायची पद्धत आपल्याकडे नाही.

भूपेंद्र एक वाजता परतला तो खुशीत. बोंडावर बसलेला टोळ त्याला चांगला मिळाला होता. आत्याच्या गल्लीच्या तोंडाशी धुळ्याहून आलेली गाडी उभी होती आणि गाडीतून उतरतानाच धुरपदाबाईने हंबरडा फोडला होता. धुरपदाबाई म्हणजे झुंबरआत्याची धाकटी बहीण. सहा वर्षांपूर्वी एका लग्नात झुंबरआत्याचे पुरणाचे मांडे खाऊन "अक्काना मांडा जाड व्हयनात" असं ती चार बायकांत बोलली होती. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

भूपेंद्र धावत पुढे गेला. "कोण गेलं, धुरपदाआत्या?" त्याने घाबरून विचारलं.

"तूच माले इचारस का रे, भाऊ," म्हणून तिने त्याच्या गळ्यात पडून जो सूर लावला, त्यात त्याचा पुढचा प्रश्न बुडाला.

रडणं ऐकून आत्या घरातून बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं. "काय वं, कोन गयं?" तिने जमलेल्या बायकांना विचारलं. बायका दोन पावलं मागे सरकल्या. गेलं ते आपलंच कुणीतरी असणार, हे बहिणीकडे पाहून तिला कळलंच. ती पुढे झाली आणि धुरपदाबाईच्या गळ्यात पडून तीही रडायला लागली.

धुरपदाबाईच्या तोंडावर पदर होता. आपण कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवलंय हे तिला दिसत नव्हतं. "मनी अक्का वं," ती सुरात सांगत होती, "तुना हातना मांडा आते कोठे भेटी वं. रेशीमना मायक मांडा. पुरा खान्देशमा असा हात कोनाच नही वं."

आत्याचं रडणं थांबलं. तिने बहिणीला खांद्यापासून जरा लांब धरलं.

"ते मांडास्नं परत एकदाव सांग," ती म्हणाली.

धुरपदाबाईने पदर बाजूला केला. मग ती ओट्यावर मटकन बसली आणि तिला पाणी द्यावं लागलं. ते मेलेल्या बहिणीनेच दिलं.

तीन वाजेपर्यंत चाळीसेक माणसं जमली. प्रत्येक जण रडत यायचा आणि दारात आत्याला पाहून हाराची पिशवी पाठीमागे लपवायचा. भूषणने भूपेंद्रला कोपऱ्यात घेतलं. "जोडलेले हात कशाला टाकले होते तू?"

"ते सरांसाठी होते."

"सर गेले का?"

आत्याला सगळा प्रकार समजावून सांगायला अर्धा तास लागला. भूपेंद्र मान खाली घालून बोलणी खायच्या तयारीत उभा होता. पण आत्या म्हणाली, "जाऊ दे. मरानी अवई उठनी का आयुष्य वाढस." आणि तिने चुलीवर मांडे भाजायचं खापर चढवलं. धुरपदाबाई पुरण वाटायला बसली. मांडा कोपरापर्यंत पसरला की आत्या दर वेळी तिच्याकडे पाही आणि ती दर वेळी मान डोलावी.

सुलक्षणा साडेचारच्या बसने आली. फैजपूरपासून रडून रडून तिचे डोळे सुजले होते. दारात आत्या मांडा भाजतेय हे पाहून ती थांबली. तिने भूपेंद्रकडे पाहिलं, मग त्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे.

"माझे किती फोटो आहेत त्यात?" तिने विचारलं.

"चौदा."

"सगळे रंगीत राहू द्या," ती म्हणाली आणि आत जाऊन ताट घेऊन बसली.

दिवस मावळायला गाड्या गेल्या. दोघी बहिणी ओट्यावर बोलत बसल्या होत्या, सहा वर्षांचं बोलणं साचलं होतं. भूपेंद्र घराकडे वळणार तेवढ्यात समोरच्या घरातले चुडामण आबा काठी टेकत आले. आबांचा एक मुलगा सुरतेला, दुसरा पुण्याला. आबांनी दाढी केली होती, धुतलेली टोपी घातली होती.

"मनाबी एक फोटू काढी दे, भाऊ," ते म्हणाले. "तसाच. काळापांढरा."

"आबा, लोक घाबरतात हो. आज पाहिलं ना तुम्ही?"

"पाह्यं. बठ्ठा उनात, ते पाह्यं."

सगळे आले होते, आबांनी तेवढंच पाहिलं होतं. आबा खुर्ची ओढून मावळतीच्या उजेडात बसले. त्यांनी टोपी सरळ केली, नजर वर लावली आणि मान न हलवता म्हणाले,

"आज नको टाकू. पुढना रईवारे टाकजो. बाकीना दिन पोरेसले सुट्टी नही ऱ्हास."